पाटे बसेपर्यंत

“काका, ही गाडी आहे की जेवायला बसायचा पाट?” पाटेवाला गाडीखालून ओरडला. “गाडी खाली घेतलीत ती घेतलीत, माझ्या पोटाचा तरी विचार करायचा!”

“तुझं पोट एवढं सुटेल हे मला काय ठाऊक?” पुढारी म्हणाला.

पाटेवाला कुशीवर सरकत बाहेर आला. शेडमध्ये गाडीखाली काम करायला खणलेल्या खड्ड्यावर एक ट्रक उभा होता, म्हणून त्याला या पिकअपखाली सरपटत जावं लागलं होतं. मागच्या चाकांवर पोलादाचे जे वाकडे पाटे एकाखाली एक बसवलेले असतात, ते काढायचे, ठोकायचे, नवे घालायचे, हा त्याचा धंदा. माणूस तोंडाळ, पण हात चांगला.

भिंतीजवळ एका जुन्या टायरवर पुढाऱ्याची बायको बसली होती. तिला सगळे मागची म्हणत. ही नावं काचेच्या दुकानात पडली होती. नवराबायको दोघं मिळून काच वाहायचे. दुकानातून मोठमोठ्या काचा पिकअपमध्ये चढवायच्या आणि ज्याच्या त्याच्या दारात नेऊन उतरवायच्या. मोठी काच एकट्याने उचलत नाही, एकाला पुढे लागतं, एकाला मागे. तो पुढे, म्हणून त्याला पुढारी. ती मागची. आधी चेष्टा होती, मग ती नावंच होऊन बसली. घरी आलेला पाहुणासुद्धा दारातून विचारायचा, पुढारी आहेत का?

लग्न झालं तेव्हा मागे तिचा दीर असायचा. दिराला दुसरीकडे नोकरी लागली, तेव्हा नवरा म्हणाला, चार दिवस तू धर. ते चार दिवस अजून संपले नव्हते.

“कापली कुणी ही?” पाटेवाल्याने हात पुसत विचारलं.

“मीच.”

“वाटलंच. पुढच्या स्प्रिंगचं वेटोळं कापलंत, मागच्या पाट्यांतले निम्मे काढून टाकलेत. पोरंटोरं करतात हे, गाडी झोकात दिसावी म्हणून. तुम्हाला या वयात काय सुचलं?”

“हिच्यासाठी,” पुढाऱ्याने मागे न बघता अंगठा तिच्याकडे केला. “हिच्या खांद्यासाठी. हिला वर उचलवत नाही आता. मग म्हटलं, गाडीच खाली घेऊ.”

तिचा खांदा चांगला होता. मागच्या उन्हाळ्यात एकदा तिने घरात नुसतं म्हटलं होतं, आज खांदा भरून आलाय. दुसऱ्याच दिवशी त्याने तिला गाडीच्या मागे उभं केलं, हात कोपरात वाकवायला लावले आणि गाडीचा तळ कुठवर यायला हवा तिथे खडूने रेघ मारली. मग दोन दिवस घाम गाळून त्याने गाडी त्या रेघेवर आणली. तेव्हा तिला बरं वाटलं होतं. बायकोसाठी असं कुणी गाडी कापत नाही. पुढे एके दिवशी काच चढवताना तिने पाहिलं की काच गाडीच्या तळावर ठेवताना सुटकेचा श्वास तो टाकतोय, ती नाही.

पाटेवाला समजावून सांगत होता. उरलेल्या थोड्या पाट्यांवर सगळा भार येतो. खड्डा आला की ते सपाट होतात आणि चाकांचा आस वर जाऊन गाडीच्या चौकटीवर आदळतो. मध्ये जे रबर असतं त्याचा भुगा झाला होता. हादरे झेलणारे शॉकअप पूर्वीच्याच लांबीचे होते. गाडी बुटकी झाल्यावर त्यांना खालीवर व्हायला जागाच उरली नव्हती. आणि टायर चार जातींचे चार.

“वळणावर डुलते ना?”

“डुलते कसली. प्यायल्यासारखी जाते. सरळ रस्त्यावरसुद्धा स्टिअरिंगशी भांडावं लागतं.”

“आणि काच कुठे फुटते?”

“खड्ड्यात. आणखी कुठे फुटणार?” पुढारी म्हणाला. “पोचेपर्यंत नीट असते. उतरवायला जावं, तर तडा. दुकानाचे मालक म्हणाले, आता एक फुटली की तुम्ही घरी बसा. त्यांना काय, दुसरा तयारच आहे. त्याच्याकडे यंत्र आहे, रबराच्या वाट्या चिकटवून काच उचलतं. माणूस नुसता बटण दाबतो.”

“मग तुम्ही बसा की घरी. लेक बोलावते ना तुम्हाला?”

“घरी बसून काय करू? भिंती मोजू?”

मागचीने मान खाली घातली. काच कुठे फुटते हे तिला माहीत होतं. काच ठेवताना आधी पुढची कड टेकायची, मग मागची, अशी रीत असते. सगळा भार शेवटच्या क्षणी पुढच्या माणसाच्या हातात येतो. त्याच्या उजव्या अंगठ्यात आता जोर उरला नव्हता. शेवटचं बोटभर अंतर काच त्याच्या हातातून सुटायची. आवाज असा होत नसे, पण मागे तिच्या तळहाताला ते कळायचं. खालच्या कोपऱ्याला मुगाएवढा टवका जायचा. मग रस्त्यात गाडी आदळली की त्या टवक्यातून तडा निघून वरपर्यंत धावायचा. तडा कुठून निघालाय हे तिने प्रत्येक वेळी पाहिलं होतं.

ती बोलली नव्हती. या कामात बोलायचं ते पुढच्याने. उचल, पायरी, डावीकडे, टेकव. मागच्याने बोलायचं नाही. बोललं की छाती हलते, छातीमुळे खांदा हलतो आणि खांद्याला टेकलेली काच हलते. हे त्याने तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण आता ती गप्प होती ती त्या रीतीमुळे नव्हे. गाडीने आदळणं थांबवलं, तर टवका टवकाच राहील, त्याचा तडा होणार नाही, असं तिला वाटत होतं. काच बसवली की टवका चौकटीच्या लाकडात झाकला जातो. कुणाला दिसत नाही. असं आणखी एखादं वर्ष निघालं असतं.

म्हणून गाडी इथे आणायची गोष्ट तिनेच काढली होती.

“होईल का नीट?” तिने विचारलं.

“होईल की काकू. पाटे पूर्ण घालू, पण कमान कमी ठेवून. म्हणजे गाडी खालीच राहील आणि आदळणार नाही. पुढे आखूड पण कडक स्प्रिंग. शॉकअप आखूड घ्यायचे. खालून एक आडवा दांडा टाकू, वळणावर एका अंगाला झुकायची नाही. टायर मात्र चारही सारखे घ्या, भार सोसणारे, ज्यांची बाजू कडक असते ते. नाहीतर वर कितीही केलं तरी खाली भाकरीच.” मग तो पुढाऱ्याकडे वळला. “फक्त उंची दोन बोटं वाढेल.”

“नको,” पुढारी पटकन म्हणाला. “एक बोटसुद्धा नको.”

“अहो, दोन बोटांनी काय होतंय? आसाला जागा मिळेल.”

“हिला जमायचं नाही.”

पाटेवाला तिच्याकडे वळला. “काकू, तुम्हीच सांगा. दोन बोटं जास्त उचलवतील ना?”

तिला चार बोटंही उचलता आली असती. पुढारी गाडीच्या मागच्या फळीवर हात ठेवून उभा होता, डावा हात. उजवा खिशात.

“नाही हो,” ती म्हणाली. “आहे तेवढीच राहू द्या. माझा खांदा लई दुखतो.”

“मग पाट्यांची कमान आणखी मोडावी लागेल. भट्टीचं काम वाढलं.” पाटेवाल्याने कपाळावरचा घाम दंडाला पुसला. “तुम्ही दोघं मला म्हातारं करून सोडणार.”

काम दोन दिवस चाललं. घरी बसून करायचं काय, म्हणून दोघं रोज शेडमध्ये येऊन बसत. पाटेवाला पाटे भट्टीत लाल करायचा, ऐरणीवर ठोकून त्यांची कमान उतरवायचा, तेलात बुडवायचा. तेलाचा धूर छपराला लागायचा. पुढारी मध्येच उठून पाना हातात द्यायचा, डाव्या हाताने. एकदा त्याने सवयीने उजव्या हाताने नट घट्ट करायला घेतला आणि पाना घसरून खाली पडला. “ग्रीस लागलंय याला,” तो म्हणाला. पाटेवाल्याने पाना उचलला, पाहिला. तो कोरडा होता.

नवे टायर आले तेव्हा पुढाऱ्याने प्रत्येकाच्या बाजूवर मूठ आपटून पाहिली. नवं रबर हाताला लागताच त्याचा चेहरा उजळला. “बघ गं,” तो तिला म्हणाला, “दगडासारखी आहे बाजू. आता ही झुकेल का?”

“नाही झुकायची,” ती म्हणाली.

चाकांची दिशा मोजून सरळ करून घेतली आणि गाडी बाहेर काढली. मागे उतरत्या फळ्यांची लाकडी घोडी होती, काच तिरकी टेकवायची. दुकानात एक टाकाऊ काच पडली होती, एका बाजूला बुडबुडे आलेली. मालकांना विचारून त्यांनी ती चाचणीसाठी आणली होती. पाटेवाल्याच्या दोन कामगारांनी ती घोडीवर चढवली. पुढारी स्टिअरिंगवर बसला, मध्ये ती, दाराशी पाटेवाला.

गाडी निघाली आणि तिला लगेच कळलं. पूर्वी आसनाखालून एक सारखा ठक ठक आवाज यायचा. तो बंद झाला होता. गतिरोधकावर गाडी चढली, उतरली आणि लगेच स्थिरावली. पुढे आणखी दोन हेलकावे खाल्ले नाहीत. चौकातल्या गोल वळणावर पुढाऱ्याने मुद्दाम वेग ठेवला. पूर्वी या वळणावर ती डाव्या हाताने दार धरायची. आता गाडी रस्त्याला चिकटून फिरली.

“एका हाताने धरलंय बघ,” पुढारी म्हणाला.

“काका, दोन्ही हातांनी धरा. मला लेकरंबाळं आहेत.”

पुढारी हसला. बऱ्याच दिवसांनी तो असा मोकळा हसला होता. त्याने खोदलेल्या रस्त्याकडे गाडी वळवली, जिथे मागच्या वेळची काच गेली होती. खड्डे चुकवले नाहीत, वरून नेली. मागची दर वेळी मान वळवून मागच्या खिडकीतून बघत होती. काच घोडीवर नुसती थरथरली.

“गाडीच होती,” पुढारी म्हणाला. “मी म्हणत होतो ना? गाडीच होती.”

“गाडीच होती,” ती म्हणाली. तिला खरंच तसं वाटायला लागलं होतं.

शेडजवळ येऊन गाडी थांबली. पाटेवाल्याने उतरून काचेवरून बोट फिरवलं, चारही कोपरे पाहिले. “नवीच्या नवी! काका, आता पेढ्यांचं बघा.” कामगार जेवायला गेले होते, पाटेवाला त्यांना हाक मारायला निघाला. पुढारी म्हणाला, “त्यांना कशाला बोलावतोस? आम्ही काय मेलोय?” त्याने चामड्याचे हातमोजे घातले, ती मागे उभी राहिली.

“उचल.”

काच हलली, निघाली. ती हलक्या पावलांनी त्याच्या मागे चालली. भिंतीशी लाकडाचे दोन ठोकळे ठेवले होते.

“टेकव.”

तिच्या तळहाताला तो झटका कळला. शेवटचं बोटभर. या वेळी टवका नुसता गेला नाही. टिच् असा बारीक आवाज झाला आणि एक रेघ त्याच्या पायाजवळून निघून तिच्या खांद्यापर्यंत आली.

काच टाकाऊच होती. कुणाचं काही गेलं नव्हतं. पण गाडी लांब उभी होती, बंद, नव्या टायरांवर शांत. पुढाऱ्याने एकदा गाडीकडे पाहिलं. मग हातमोजा काढून तळहाताकडे पाहिलं आणि हात खिशात घातला.

“आतून तडकली असेल,” तो म्हणाला. “रस्त्यातच. दिसलं नसेल आपल्याला.”

पाटेवाल्याचा चेहरा तापला. त्याने रस्त्यातले खड्डे मोजून दाखवले असते, आत्ताच काचेवरून फिरवलेलं बोट दाखवलं असतं. दोन दिवस भट्टीपुढे उभं राहून केलेल्या कामाला कुणी नाव ठेवलेलं त्याला चालत नसे. त्याने तोंड उघडलं, आणि मागचीकडे त्याचं लक्ष गेलं. ती काच धरून उभी होती आणि त्याच्याकडे बघत होती.

त्याने तोंड मिटलं. मग म्हणाला, “असेल काका. नवे पाटे आहेत. आठवडाभर गाडी चालली की बसतात. तोवर थोडं असं व्हायचंच.”

“तेच म्हणतोय मी,” पुढारी म्हणाला. “बसायला हवेत.” तो नळावर हात धुवायला गेला आणि बराच वेळ धूत राहिला.

“काकू, गाडीत आता काही राहिलेलं नाही,” पाटेवाला हळू म्हणाला.

“माहितीये मला.”

“मग?”

“पाटे बसायला वेळ लागतो म्हणालात ना? तेवढा वेळ मिळाला तरी पुष्कळ झालं.”

“तेवढ्यात काय होणार आहे?”

ती उत्तर देणार होती, पण नळ बंद झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांनी काच काढून ठेवली होती. दातांच्या दवाखान्याची दर्शनी काच, दारापेक्षा उंच. मालक स्वतः दारात येऊन उभे होते, हाताची घडी घालून. पुढारी हातमोजे चढवत पुढे निघाला, तर पुढच्या कडेशी ती आधीच उभी होती.

“अगं, चुकलीस. मागे जा.”

“नाही. आज पुढे मी राहते.”

“का?”

“डोळ्यांचं काहीतरी झालंय. मागून पायरी दिसत नाही मला. परवा अडखळले होते. पुढे असले की दिसतं.”

“डोळ्यांचं? कधीपासून?”

“झाले थोडे दिवस.”

“बोलली नाहीस ती.”

“आता बोलतेय ना.”

पुढारी तिच्या डोळ्यांकडे बघत राहिला. ते डोळे सुईत दोरा ओवायचे, दुकानाच्या दुसऱ्या टोकाच्या काचेतला बुडबुडा शोधायचे. हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तिने नजर हलवली नाही.

“काय पुढारी,” मालक म्हणाले, “आज पक्ष बदलला का?”

“हिच्या डोळ्यांमुळे,” पुढारी म्हणाला. एवढं बोलून तो मागे गेला.

तिने आजवर कधी हाक दिली नव्हती. “उचला” असं म्हणायला गेली तर आवाज तिचा तिलाच ऐकू आला. दुसऱ्यांदा तो नीट आला. काचेचा भार हातात आला तसा तिला कळलं की हे काम किती अवघड आहे, आणि तो किती दिवस हे असं करत आला असेल. गाडीपर्यंतची चार पावलं तिला लांब वाटली. तळ तिच्या कोपराखाली होता, बरोबर जिथे हवा तिथे. पुढची कड टेकली. कापसावर टेकावी तशी. मागून त्याने आपली कड खाली घेतली. मालकांनी घडी सोडली आणि ते आत गेले.

रस्त्यात गाडी छान चालत होती. खड्डे खाली विरत होते, वळणावर घोडी करकरत नव्हती. सिग्नलला थांबल्यावर तो म्हणाला, “पाटेवाल्यानं काम झकास केलंय.”

“हो.”

“आता गाडीला नाव ठेवायला जागा नाही.”

सिग्नल सुटला. तिने खिडकीबाहेर पाहिलं. त्याने उजवा हात गिअरवर ठेवला होता आणि गिअर टाकताना अंगठा बाजूला ठेवून नुसत्या तळव्याने ढकलत होता. लपवत नव्हता.

दवाखान्यात काच बसवणारा मिस्त्री चौकट तयार ठेवून वाट बघत होता. दाराला दोन पायऱ्या होत्या. “पायरी,” ती म्हणाली. “आणखी एक.” मागून काही आवाज आला नाही. फक्त त्याचे पाय तिच्या पायांबरोबर पडत होते. काच चौकटीत उभी केली, मिस्त्रीने पट्ट्या ठोकल्या, कडेने चिकटवायचा मसाला भरला. मग मिस्त्रीने सवयीने पुढाऱ्याकडे पाहून विचारलं, “सोडू का?”

पुढाऱ्याने तिच्याकडे पाहिलं. मिस्त्रीलाही मग तिच्याकडे बघावं लागलं.

“सोडा,” ती म्हणाली.

मिस्त्रीने हात काढले. तिने काढले. काच आपल्या आपण उभी राहिली, स्वच्छ, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. मिस्त्री हत्यारं गोळा करायला लागला. ती पायऱ्या उतरून बाहेर आली.

पुढारी आतच होता. काचेच्या पलीकडे. त्याने हातमोजे काढले होते, आणि आधार देताना काचेवर उठलेला हाताचा ठसा तो खांद्यावरच्या फडक्याने पुसत होता. वरून खाली, मग पुन्हा वरून खाली. ठसा केव्हाच गेला होता. तरी तो पुसत होता. तिने हाक मारली नाही. गाडीची मागची फळी वर करून ती तिथेच उभी राहिली.